मोकळ्या रात्रीसाठी काही सूचना

‘द पर्ज’ या २०१३ सालच्या भयपटातील अमेरिकेत आपले वास्तव्य असेल, तर २१ मार्चच्या संध्याकाळी ७ पासून दुसऱ्या दिवशी सकाळी ७ पर्यंत खुनासह सर्व गुन्हे आपणास माफ आहेत, आणि या पर्वणीचा लाभ कसा घ्यावा हे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. त्या रात्री पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका यांना सुट्टी असते. सबब बाळंतपण, अपेंडिक्स आणि हृदयविकाराचा झटका सकाळी सातनंतरच यावा, अशी व्यवस्था आधीच करून ठेवावी.

मुखवटा चढवून, कोयता परजत रस्त्यावर उतरण्याचा मोह मात्र टाळावा. सर्व गुन्हे माफ असताना चित्रपटातील पात्रांना मारामारीपलीकडे काही सुचत नाही, ही त्यांच्या कल्पनादारिद्र्याची बाब झाली. ज्या देशात आयकराचे विवरणपत्र भरण्याची मुदत १५ एप्रिलला संपते, तेथे त्याच्या जेमतेम साडेतीन आठवडे आधी सरकार खोट्या हिशेबांना बारा तासांची मुभा देते, आणि तरीही एकही हिशेबनीस दिवा लावून वह्या रंगवत बसलेला दिसत नाही! आपण तसे बसावे. न्यूयॉर्कमध्ये सात वाजतात तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये दुपारचे चारच वाजलेले असतात. त्यामुळे इथल्या खुर्चीत बसून तिथले खाते रिकामे केल्यास तो गुन्हा ठरेल की देशकार्य, एवढे वकिलाला आधी विचारून ठेवावे.

रात्र सुरू झाल्याचा सायरन वाजण्यापूर्वीची सरकारी घोषणा नीट ऐकावी. दहाव्या श्रेणीच्या सरकारी अधिकाऱ्यांना अभय आहे, म्हणजे कायदा बुडाला तरी नोकरशाहीची श्रेणी तरंगतच राहते. शस्त्रे चौथ्या वर्गापर्यंतचीच वापरावीत. ती तपासणार कोण, हे विचारू नये; तपासणारा रजेवर आहे.

घराच्या संरक्षणाबाबत चित्रपटातील गृहस्थाकडून बोध घ्यावा. हे महाशय सुरक्षा यंत्रणा विकतात. साऱ्या आळीला त्यांनीच पोलादी झडपा बसवून दिल्या आणि त्या नफ्यातून स्वतःच्या घराला वाढीव खोल्या काढल्या. शेजारीण घरी केलेली बिस्किटे घेऊन येते, तेव्हा तिच्या हसण्यात त्या खोल्यांचा हिशेब स्पष्ट दिसतो. एवढ्या भक्कम यंत्रणेची कळ त्यांचा पोरगा दाबतो आणि एका अनोळखी जखमी माणसाला आत घेतो. पुढे त्या माणसाच्या मागावर असलेले गुंड झडपांना साखळ्या बांधून त्या गाडीने उपटून काढतात. तेव्हा यंत्रणा घ्यायचीच असेल, तर विक्रेत्याच्या शेजारी राहणाऱ्यांना आधी भेटावे.

पोलीस नसले की माणसे नेमके काय करतात, याचा एक खरा दाखलाही आहे. ७ ऑक्टोबर १९६९ रोजी कॅनडातील मॉन्ट्रियलचे पोलीस संपावर गेले. त्या रात्री माणसे दगावलीही. पण जमावाचा मुख्य ओढा दुकानांच्या काचांकडे, बँकांच्या पैशांकडे आणि एका लिमोझिन कंपनीच्या गॅरेजकडे होता, कारण विमानतळावरील वाहतुकीची मक्तेदारी तिच्याकडे असल्याने टॅक्सीवाले तिच्यावर खार खाऊन होते. तत्त्वज्ञान कोणी सांगितले नाही, धंद्याचा जुना राग मात्र निघाला.

चित्रपटातील सरकार म्हणते की, या रात्रीमुळे २०२२ मध्ये बेकारी १ टक्क्यावर आली. प्रत्यक्षातल्या २०२२ मध्येही ती चार टक्क्यांच्या आतच होती, आणि त्यासाठी कोणाचा दरवाजा उपटावा लागला नव्हता. पण ते असो.

एवढे सांगूनही आपल्याला खूनच करायचा असेल, तर सकाळचा विचार करावा. फौजदारी गुन्हा माफ झाला म्हणून दिवाणी दावा माफ झाला, असे घोषणेत कोठेही म्हटलेले नाही. अमेरिकेचे माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन १९९५ मध्ये घटस्फोटित पत्नी आणि तिच्या मित्राच्या खुनाच्या आरोपातून सुटले, आणि त्याच मृत्यूंबद्दल १९९७ मध्ये दिवाणी न्यायालयातील ज्यूरीने त्यांच्यावर ३ कोटी ३५ लाख डॉलरांची भरपाई बसवली. म्हणून कुऱ्हाड उचलण्यापूर्वी घरदार मेहुण्याच्या नावावर करून टाकावे, आणि तेही रात्रीतच उरकावे, कारण दावेदाराला चुकवण्यासाठी मालमत्ता फिरवणे हाही सकाळी सातनंतर गुन्हा ठरू शकतो.