वॉशर घालून भागलं असतं का?

काका, गरम हवा बाहेर पडावी म्हणून बॉनेटला व्हेंट, म्हणजे भोकं, कापल्याचा लेख मी लिहिला, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "चांगल्या गाडीला भोकं पाडून वाट लावलीत. रेडिएटर साफ केला असता आणि बिजागरीखाली वॉशर घालून बॉनेटची मागची कड उचलली असती, तर हा पोरखेळ करावा लागला नसता. पावसाळ्यात कळेलच. आणि आरटीओचं काय?" झोंबलं, कारण यातलं निम्मं खरं आहे.

आधी रेडिएटर. गाडी तापत असेल तर रेडिएटर, थर्मोस्टॅट, पंखा, कूलंट हेच बघायचं. बॉनेट कापून तो आजार बरा होत नाही. माझ्या मारुती एस्टीमचा तापमानाचा काटा पहिल्यापासून जागेवरच होता. खंबाटकी चढून वर चहाला थांबलं की बॉनेटखाली भट्टी व्हायची, रबरी पाइप आणि वायरी भाजून निघायच्या, तो त्रास मला घालवायचा होता. लेखात मी "गाडी थंड राहते" असं ढोबळ लिहून मोकळा झालो. ती चूक माझी.

वॉशरचं मात्र पटत नाही. चालत्या गाडीवर हवा बॉनेटवरून सरकत येते आणि पुढच्या काचेच्या पायथ्याशी अडते, तिथे दाब वाढतो. केबिनसाठी हवा घेणारी जाळी बहुतेक गाड्यांत तिथे असते ती त्याचमुळे. कॅमॅरो या अमेरिकन गाडीच्या काही जुन्या मॉडेलांच्या बॉनेटवर काचेकडे तोंड केलेला स्कूप, म्हणजे हवा आत घेणारं तोंड, असायचा, तोही तिथून इंजिनाला हवा घ्यायचा, सोडायचा नाही. मागची कड उचलली की वेगात गरम हवेची वाटच अडते, आणि सिग्नलला उभं राहिलं की इंजिनाचा वास जाळीतून सरळ नाकात. ऐकीव सांगत नाही, पहिले पंधरा दिवस मीही वॉशरच घालून फिरलो.

मग गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी आणली. तिच्यात निळीचं पाणी भरून यू आकारात फळीवर बांधली, फळी भाच्याच्या मांडीवर. एक टोक बॉनेटखाली, दुसरं बॉनेटवर टेपने चिकटवलेलं. (वरचं टोक थेट वाऱ्याच्या तोंडी ठेवू नका, मोजमाप खोटं येतं.) मोकळ्या रस्त्यावर ८० चा वेग धरला. वरचं टोक काचेजवळ असताना त्या बाजूचं पाणी खाली दाबलं गेलं. तेच टोक पुढे, रेडिएटरच्या मागे वीतभर अंतरावर आणलं, तर पाणी अर्ध्या पेराएवढं वर चढलं. म्हणजे तिथे बॉनेटच्या वर दाब कमी, आतली हवा आपसूक वर ओढली जाणार. भाचा ओरडला, "मामा, चढलं!" भोकाची जागा तेव्हाच ठरली.

आणि कापलं ते गाडीचं बॉनेट नव्हे, भंगारातून आणलेलं दुसरं. आतल्या फासळ्यांना हात न लावता, दोन फासळ्यांच्या मधला पत्राच जिगसॉने काढला. कडा कानशीने घासून प्रायमरचे दोन हात दिले.

पावसाळ्यात कळेल म्हणालात, कळलं. जूनमध्ये एक रात्र गाडी उघड्यावर राहिली आणि सकाळी मिसिंग मारायला, म्हणजे इंजिन अडखळायला, लागलं. ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल चिंब. लेखात हे गाळलं, कारण लाज वाटली. मग व्हेंटखाली पत्र्याची पन्हळ बसवली आणि पाणी नळीने एका बाजूला, वायरिंगपासून लांब काढलं.

आरटीओबद्दल मात्र माझ्याकडे उत्तर नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीत मनाला येईल तसा बदल करू देत नाही, आणि विमा कंपनीला न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी अंगाशी येऊ शकतो. हे लेखात पहिल्या ओळीत असायला हवं होतं, आज घातलं. रीतसर विचारून होईपर्यंत गाडीवर मूळ बॉनेट आहे आणि कापलेलं माळ्यावर.

नळी अजून डिकीत आहे. तुमच्या गॅरेजात वॉशर घातलेली एखादी गाडी असेल तर सांगा, रविवारी घेऊन येतो. फळी तुम्ही धरा.