नाशिक ते दिल्ली: तिकिटावरचे दोन तास

नाशिकहून दिल्लीला विमानाने किती वेळ लागतो, असे विचारले की ‘दोन तास’ हे उत्तर ठरलेले असते. ते खोटे नाही. परंतु नाशिकजवळच्या ओझर विमानतळावरून जायचे की मुंबईहून, हे केवळ त्या आकड्यावरून आणि तिकिटाच्या दरावरून ठरवणे मला पटत नाही.

ओझर ते दिल्ली हवाई अंतर साधारण ९९० किलोमीटर आहे आणि मुंबई ते दिल्ली साधारण ११४०. जेट विमान उंची गाठल्यावर ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते, म्हणजे नुसता भागाकार केला तर ओझरहून सव्वा तासात दिल्ली यायला हवी. वेळापत्रकातील वेळ मात्र विमान उभ्या जागेवरून हलल्यापासून ते उतरून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंत मोजतात. चढताना-उतरताना वेग कमी असतो, दिल्लीच्या आकाशात गर्दी असली की घिरट्या घालाव्या लागतात, उतरल्यावर टॅक्सीवेवरही, म्हणजे धावपट्टीपासून उभे राहण्याच्या जागेपर्यंतच्या वाटेवरही, बराच वेळ जातो, आणि या सगळ्याची तरतूद कंपन्या आधीच धरून ठेवतात. त्यामुळे ‘आपण पंधरा मिनिटे आधी पोहोचलो आहोत’ या घोषणेने फार भारावून जाण्याचे कारण नाही.

आता खरा हिशोब. मुंबईहून जाताना हवेत जे दीडशे किलोमीटर वाढतात, ते दहा-बारा मिनिटांत संपतात. तेवढेच अंतर नाशिकहून मुंबई विमानतळापर्यंत रस्त्याने कापायला चार तास हाताशी ठेवावे लागतात. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचे आमणे हा टप्पा खुला झाल्याने कसारा घाट टाळता येतो हे खरे. पण भिवंडी आणि ठाण्याच्या कोंडीला त्याने काय फरक पडणार? उलट ओझर विमानतळ शहरापासून वीसेक किलोमीटरवर आहे. नाशिकच्या द्वारका चौकात अडकलात तरी आडगाव मागे टाकून दहाव्या मैलावर वळेपर्यंत जीव टांगणीला लागत नाही. तेव्हा मुंबईचे तिकीट स्वस्त म्हणणाऱ्यांनी त्यात गाडीभाडे, टोल आणि वाया गेलेला अर्धा दिवस मिळवून पाहावा.

ओझरची उणी बाजू वेगळी आहे: येथून विमाने मोजकीच. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुके पडून उड्डाण रद्द झाले, तर मुंबईत पुढचे विमान काही तासांत मिळू शकते. येथे तो दिवस गेलाच म्हणायचा. म्हणून हिवाळ्यात सकाळची महत्त्वाची बैठक असेल, तर मी आदल्या दिवशीच निघण्याचा आग्रह धरतो. तिकीट मिळाल्यास मुंबई–हजरत निजामुद्दीन राजधानी संध्याकाळी नाशिकरोडला थांबते आणि सकाळी दिल्लीत सोडते. धुक्यात तीही रखडते, पण निदान झोप तरी होते.