विक्रमबाहूला 'नावाचा राजा' म्हणू नका

सकाळी श्रीलंका सहलीचा एक व्हिडिओ बघितला आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. कँडीजवळच्या एंबेक्के देवालयात उभा राहून एक मुलगा सांगतोय, "हे तिसऱ्या विक्रमबाहूने बांधलं, पण तो नुसता नावाचा राजा. खरा कारभार मंत्र्याचा!" संपलं. पुढच्या क्षणी स्वारी चहाच्या मळ्यात.

अरे, १३५७ ते १३७४ गंपोलाच्या, म्हणजे डोंगरातल्या त्या जुन्या राजधानीच्या, गादीवर बसलेला माणूस आहे तो!

मी गेलेय त्या देवळात. तिथल्या म्हाताऱ्या राखणदाराने मला हाताला धरून एका जागी उभं केलं आणि वर बघ अशी खूण केली. छपराचे २६ वासे येऊन एकाच लाकडी खुंटीत अडकलेत. मी बघतच राहिले. "विक्रमबाहू रज्जुरुवो," तो म्हणाला. रज्जुरुवो म्हणजे महाराज. मंत्र्याचं नाव काही त्याच्या तोंडून आलं नाही.

मंत्री निश्शंक अलकेश्वर कर्तबगार होता, मान्य. आजच्या कोलंबोजवळ, दलदलीत कोट्टेचा किल्ला त्याने उभारला, उत्तरेतल्या जाफन्याच्या राजाशी, आर्यचक्रवर्तीशी, वैर पत्करलं. पैसा त्याच्याकडे, फौज त्याच्याकडे. राजा डोंगरात, मंत्री समुद्राजवळ, तेव्हा वजन कुणाचं वाढणार हे उघड आहे. म्हणून राजाला खोडून टाकायचं? किल्ला बांधला की कर्तृत्व, आणि लाकडावर हंस कोरून घेतले की दुबळेपणा? हा हिशोब मला कधीच पटलेला नाही, तुम्हालाही पटणार नाही.

देवळाच्या लाकडी खांबांवर काय काय आहे! कुस्ती खेळणारे मल्ल, मानेत मान गुंतवलेले हंस, बाळाला पाजणारी आई. देल्मड मूलाचारी या कारागिराचं नाव आजही तिथे आदराने घेतात. सत्ता हातातून निसटत असताना असं काम करून घेणाऱ्या राजाच्या मनात काय चाललं असेल, हा विचार आज दिवसभर पाठ सोडत नाहीये.

राखणदार मला किती वेळ तिथे उभी राहू देत होता. मीच खाली बघायला तयार नव्हते.

लिहिता लिहिता राग उतरला. त्या मुलाला कुणी हाताला धरून वर बघायला लावलंच नसेल.

खुंटीचा फोटो पहिल्या कमेंटमध्ये टाकलाय. आत अंधार होता, मोठा करून बघा.