चवीपुरतं मीठ, 42 अंशांच्या आत

कच्चं खायला काही लागत नाही, दात असले की झालं. पण कच्चं आणि शिवाय खारट असं खायचं म्हटलं की बारावीची केमिस्ट्री, हवामान खातं आणि कोकणातले नातेवाईक असं सगळं लागतं, हे मला या उन्हाळ्यात कळलं.

झालं असं की आमच्या बायकोने रॉ फूड सुरू केलं. म्हणजे 42 अंशांच्या वर तापलेलं काहीही खायचं नाही, दूध-दही तर नाहीच. काही लोक 46 म्हणतात, काही 48 पर्यंत सूट देतात, तिच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर यावरून दोन तट पडलेत आणि ती अर्थातच कडक तटात आहे. कारण काय तर त्याच्यावर गेलं की अन्नातली एन्झाइम्स मरतात. मग आपल्या पोटातल्या अॅसिडमध्ये गेल्यावर ती काय सुखाने नांदतात का, असं मी विचारलं तर त्या रात्री मलाही जेवायला भिजवलेले मूग मिळाले.

सुरुवात हौसेत गेली. मग एका संध्याकाळी खालच्या चायनीजच्या गाडीवरून वास वर आला आणि हिचा जीव कासावीस झाला. काकडी किसून तिच्या लांब नूडल्स होतात, कोबी तर काय गाडीवरसुद्धा जवळपास कच्चाच असतो, आलं लसूण मिरची घरात होती, अडलं फक्त सोया सॉसवर. “अरे, कच्चा सोया सॉस मिळतो का बघ ना,” असं ती म्हणाली आणि मी चपला घालायच्या आधी मोबाईल उघडला, कारण दुकानात जाऊन हे वाक्य बोलायची माझी हिंमत नव्हती.

तर सोया सॉसची हकीकत अशी आहे. सोयाबीन भिजवून चांगले वाफवतात, गहू भाजतात, दोन्ही एकत्र करून त्यावर कोजी नावाची बुरशी वाढवतात, मग ते सगळं मिठाच्या पाण्यात महिनोन् महिने मुरत ठेवतात, पिळून काढतात आणि शेवटी परत गरम करून बाटलीत भरतात. म्हणजे वाफवणं, भाजणं, तापवणं, सगळी पापं एकाच बाटलीत. जपानी लोकांची तामारी म्हणून एक सोया सॉसचीच जात असते, तिच्यात गहू नसतो किंवा अगदी थोडा असतो, पण सोयाबीन शिजवलेलाच. मिसो म्हणून सोयाबीन आंबवून केलेली जपानी पेस्ट असते, तिचंही तेच. मग सापडली नामा शोयु. रॉ फूडवाल्यांची ही लाडकी, कारण हिला शेवटचं तापवणं नसतं.

“पण सोयाबीन तर आधीच शिजलाय ना,” मी म्हटलं.

“हो, पण नंतर आंबवल्यावर तो परत जिवंत होतो.”

आता शिजून मेलेला सोयाबीन जर बुरशीच्या कृपेने पुनर्जन्म घेऊ शकतो, तर उकळलेल्या दुधाच्या दह्याने काय घोडं मारलंय? ते दुधाचं असतं, हा नियम वेगळा. मग इडली? ती आंबवून झाल्यावर उकडतात, क्रम चुकला. अशा वादात बायको कायम वकिलासारखी बोलते आणि मी कायम आरोपीसारखा. असो, नामा शोयुची किंमत बघून तो पुनर्जन्म आम्ही जपानातच राहू दिला.

मग एका इम्पोर्टेड खाऊच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलाने सोया सॉसच्या जागी म्हणून फार आदराने दोन बाटल्या काढल्या. पहिली लिक्विड अमिनोज. एकदम नॅचरल आहे सर, असं म्हणाला, मी तिथेच उभं राहून वाचत बसलो. हे बनवायची नेहमीची पद्धत म्हणजे सोयाबीनचं प्रोटीन हायड्रोक्लोरिक अॅसिडने फोडायचं आणि उरलेलं अॅसिड खायच्या सोड्याने मारायचं, त्यातून मीठ आपोआप तयार होतं. अॅसिड अधिक सोडा बरोबर मीठ, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड, हे समीकरण मी बारावीच्या तोंडी परीक्षेत बरोबर सांगितलं होतं, ते आयुष्यात इथे येऊन उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. बायकोला फोन करून सांगितलं. “अॅसिड किती डिग्रीचं?” ती म्हणाली. अॅसिडवर तिचा आक्षेप नव्हता हे लक्षात घ्या.

दुसरी बाटली कोकोनट अमिनोज. हा म्हणजे माडाच्या पोयीचा, म्हणजे फुलोऱ्याचा रस, मीठ घालून मुरवलेला. यात सोडियम सोया सॉसपेक्षा कमी असतं पण चव गोडसर, आणि बऱ्याच ठिकाणी तो रस आटवतातही, म्हणजे परत तापवणं आलंच. तरी बाटली घरी आली. आईने लेबल वाचायला लावलं, माडाचा रस म्हटल्यावर चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, “आमच्याकडे हा सकाळी प्यायला तर नीरा आणि उशिरा प्यायला तर माडी. काकडीवर घालताना कोणाला बघितलं नव्हतं.”

मग आम्ही म्हटलं जाऊ दे, साधं मीठ तरी घालूया. आणि इथे खरा घोळ सुरू झाला, कारण मीठ कच्चं असतं का हा प्रश्न मी जन्मात कधी विचारला नव्हता. पिशवीतलं पांढरंशुभ्र भुरभुरीत मीठ बरेचदा व्हॅक्यूममध्ये वाफेवर खाऱ्या पाण्याचं पाणी उडवून करतात, म्हणजे बाद. पादेलोण हिला फार आवडतं, पेरूवर तर तेच हवं, पण ते पारंपरिक पद्धतीत हिरडा-आवळा वगैरे घालून मडक्यात बंद करून भट्टीत तासन् तास तापवतात, त्याचा तो सुप्रसिद्ध वास तिथूनच येतो. हे तिला सांगितल्यावर तिचा चेहरा उतरला. सैंधव चालतं, ते खाणीतून निघतं. आणि उरण-पेणकडच्या मिठागरातलं जाडं मीठ, ते उन्हातच बनतं. मी म्हटलं अगं, मीठ वितळायलाच 801 अंश लागतात, त्यात एन्झाइम औषधालासुद्धा नाही, मग तापवल्यावर मरतं कोण? यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. ग्रुपवर विचारते म्हणाली. कडक तटातच यावरून अजून दोन तट झाले असं ऐकतो.

समुद्री शेवाळाचा प्रकार थोडक्यात सांगतो. नोरीच्या शीट आणल्या, त्या भाजलेल्या निघाल्या. केल्पची पावडर आणली, तिच्यात आयोडीन इतकं असतं की चिमटीच्या वर जायची सोय नाही, आणि डबा उघडल्यावर आईने आतून विचारलं, सुकट कोणी आणली?

मग मी वाचलं की मुळात आपल्याला सोया सॉसचं जे हवं असतं ती चव ग्लुटामेट नावाच्या पदार्थाची. 1908 साली तोक्योत किकुनाए इकेदा नावाच्या प्राध्यापकांनी कोम्बू शेवाळाच्या काढ्यातून ते वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी हे नाव दिलं. आणि ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोतही भरपूर असतं, वाळवले की अजून जाणवतं. झालं, टोमॅटो चिरून मीठ लावून गच्चीवर. सोबत थर्मामीटर, कारण नियम. आमच्या पुण्यात पारा 40 च्या आसपास होता म्हणून निभावलं. अकोल्याच्या वहिनींनी उत्साहाने फोन केला की आमच्याकडे पाठवा, दोन दिवसात कडकडीत होतील, आज 45 आहे. बायकोने नम्रपणे नकार दिला. म्हणजे या हिशोबाने अकोल्यात मे महिन्यात झाडावरचा आंबासुद्धा शिजलेलाच म्हणायचा, आणि वहिनींचं तर काय होत असेल. टोमॅटो छान झाले, निम्मे कावळ्याने खाल्ले.

हे सगळं आई शांतपणे बघत होती. एक दिवस तिने वरच्या फळीवरून लिंबाच्या लोणच्याची जुनी बरणी काढली, उपासाचं, फोडणी नाही, मिठात आणि उन्हात मुरून मुरून काळं झालेलं. त्याचा खार बोटाने चाटला तर काय सांगू, खारट, आंबट, खोल. पण त्यात साखर होती आणि साखरेचा पाक कारखान्यात उकळतात. बरणी परत फळीवर गेली. मग आईने फ्रिजच्या दारातून आगळाची बाटली काढली. ताज्या कोकमांना मीठ लावून सुटलेला रस, विस्तव कुठे नाहीच. रंग जवळजवळ काळा, चमचाभर काकडीच्या नूडल्सवर, थोडे तीळ, वाळवलेल्या टोमॅटोचे तुकडे, आलं. सोया सॉस नव्हता, पण ती वाटी पुसून खाल्ली गेली.

अर्थात आधी बायकोने विचारलंच, “आई, यात मीठ कुठलं आहे?”

आईने माझ्याकडे बघितलं, मग सरळ सावंतवाडीला काकूंना फोन लावला. स्पीकरवर. काकू म्हणाल्या, “जाडा मीठ, आणि कसला? काय झाला, कोण आजारी आसा?”

परीक्षा पास. आता अडचण माझी आहे. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण 900 मिलिग्रॅम सोडियम असतं, जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 2000 च्या आत राहा म्हणते, आणि आगळ खारटपणात काही मागे नाही, तेव्हा माझ्या बीपीच्या गोळीकडे बोट दाखवून माझ्या सोलकढीतलं आगळ नूडल्सकडे वळवण्यात आलंय. बाटली आता आईच्या ताब्यात असते आणि चमच्याने मोजून मिळते. गावाला तीन बाटल्यांची ऑर्डर गेलीय, पण काकू म्हणतात यंदा कोकमं उशिरा धरलीत, वळवाचा पाऊस आधी आला तर सगळी गळून जातील, म्हणून सध्या आमच्याकडे रात्री बातम्यांत सिंधुदुर्गचं हवामान लागलं की सगळ्यांनी गप्प बसायचं असतं.