‘फक्त दोन हजार एकर’चा हिशेब

अलास्कातल्या आर्क्टिक राष्ट्रीय अभयारण्यात तेल काढायला हरकत घेणाऱ्यांना एक ठरावीक उत्तर ऐकवलं जातं, तसा मजकूरही फिरत असतो. अभयारण्य १ कोटी ९० लाख एकरांचं, तेलाला लागणार फक्त २,००० एकर. प्रदेश ओसाड आहे. शेजारच्या प्रुडो बे या तेलक्षेत्रात तेल निघूनही कॅरिबू (रेनडिअर जातीची हरणं) वाढलेच. पेट्रोल स्वस्त होईल, तिजोरी भरेल, आणि स्थानिकांनाच ते हवं आहे. यातले आकडे बहुतेक खरे आहेत. घोळ आहे तो ते मांडण्यात.

आधी एकरांचं बघू. १.९ कोटी एकर म्हणजे महाराष्ट्राचा साधारण पाव भाग, पण त्या सगळ्याचा इथे संबंधच नाही. तेलाचा वाद किनारपट्टीच्या सुमारे १५ लाख एकरांपुरता आहे. १९८०च्या कायद्याने तेवढाच पट्टा पुढच्या निर्णयासाठी वेगळा ठेवला होता. २,००० हा आकडा २०१७च्या करकायद्यातला; त्याच कायद्याने हा पट्टा तेलासाठी खुला केला. ही जागा सलग असावी असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. शिवाय पाइपलाइन खांबांवरून जात असेल, तर खांबांनी व्यापलेली जमीन तेवढी मोजायची. दोन खांबांमधली मोजायची नाही. आता धरा, अशी ५० किलोमीटरची लाइन आणि तिच्या कडेने रस्ता टाकला. पिल्लं घातलेल्या कॅरिबू माद्या अशा बांधकामापासून चार-पाच किलोमीटर लांब राहतात, हे प्रुडो बेच्या परिसरातल्या अभ्यासांत दिसलेलं आहे. दोन्ही बाजूंना चार-चार किलोमीटर धरले तरी ४०० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ एक लाख एकर जमीन त्यांच्यासाठी बाद झाली. सरकारी कागदावर मात्र लाइनच्या नावावर खांबांपुरतीच जागा.

‘कॅरिबू वाढले’ हेही अर्धंच सांगितलं जातं. प्रुडो बेजवळचा सेंट्रल आर्क्टिक कळप १९७०च्या दशकात सुमारे ५,००० होता, २०१०पर्यंत ७०,००० च्या आसपास गेला. फिरणारा मजकूर इथे थांबतो. २०१६च्या मोजणीत तोच कळप २३,००० च्या आत आला होता. या घसरणीचं खापर तेलावर फोडता येत नाही, हे मान्य; मग वाढीचं श्रेय तरी त्याला कसं द्यायचं? मुख्य फरक भूगोलाचा आहे. प्रुडो बेच्या बाजूला डोंगर समुद्रापासून खूप लांब आहेत, त्यामुळे माद्यांना बाजूला सरकायला जागा मिळाली. अभयारण्यात डोंगर आणि समुद्र यांमधली पट्टी २५ ते ६५ किलोमीटरच रुंद. इथे पिल्लं घालायला येणारा पोर्क्युपाइन कळप कितीतरी मोठा, २०१७मध्ये २,१८,००० चा. तिथून हटलेल्या मादीला पायथ्याकडे जावं लागतं, आणि तिकडे चारा कमी, अस्वलं, लांडगे आणि गरुड जास्त.

ओसाडपणाबद्दल फार लिहायला नको. हिवाळ्यात तिथे काही दिसत नाही, खरं आहे; पण गाभण ध्रुवीय अस्वलं नेमकी त्याच बर्फात गुहा करून बसतात, आणि तेल शोधण्यासाठी भूकंपलहरींची चाचणी करणारी अवजड वाहनंही जमीन गोठलेली असतानाच फिरवली जातात. १९८४-८५च्या हिवाळ्यात फिरलेल्या वाहनांचे चर काही ठिकाणी पंचवीस वर्षांनंतरही दिसत होते.

पेट्रोल किती स्वस्त होईल? अमेरिकेच्याच ऊर्जा माहिती प्रशासनाने २००८मध्ये हिशेब केला होता. परवानगीनंतर तेल यायला सुमारे दहा वर्षं, आणि २०२५मध्ये पिंपामागे (बॅरलमागे) फरक ७५ सेंटचा. पिंपात ४२ गॅलन असतात. भागाकार करून बघा, गॅलनला दोन सेंटही पडत नाहीत. (‘हे तेल अमेरिकेला सहाच महिने पुरेल’ हा विरोधकांचा मुद्दाही फसवाच. ते एकदम उपसलं जाणार नाही, काही दशकं थोडं थोडं येत राहील.)

तिजोरीचं तर प्रत्यक्षच घडलं. २०१७च्या कायद्याच्या वेळी केंद्राला दहा वर्षांत सुमारे १०० कोटी डॉलर मिळतील असा अंदाज होता. तेलासाठीच्या भाडेपट्ट्यांचा पहिला लिलाव ६ जानेवारी २०२१ला झाला. त्याच दिवशी कॅपिटॉलवर, म्हणजे अमेरिकी संसदेवर, जमाव चालून गेल्याने ही बातमी कोणी फारशी वाचली नाही. बोली लागल्या १ कोटी ४४ लाख डॉलरच्या, तेही बहुतेक अलास्का राज्याच्याच महामंडळाकडून. मोठी तेलकंपनी एकही आली नाही. बाकीच्या दोन छोट्या कंपन्यांनी पुढे आपले पट्टे परत केले. जानेवारी २०२५च्या दुसऱ्या लिलावात एकही बोली आली नाही. बायडेन सरकारच्या अटी जाचक होत्या, असं त्यावर सांगितलं जातं, आणि दुसऱ्या लिलावापुरतं ते पटूही शकतं. पण पहिला लिलाव ट्रम्प सरकारने आपल्याच अटींवर केला होता.

राहिला मुद्दा स्थानिकांचा, आणि मला हाच सगळ्यात अवघड वाटतो. अभयारण्याच्या हद्दीतलं एकमेव गाव काक्टोविक. तिथले बरेच इनुपियात लोक तेलाच्या बाजूने आहेत, आणि त्यांची कारणं हलकी नाहीत: त्या भागातल्या शाळा, दवाखाने, पाणीपुरवठा तेलावरच्या करातून चालतात. बाहेरच्यांनी त्यांना निसर्गप्रेम शिकवू नये. पण दक्षिणेकडचे ग्विचिन लोकही स्थानिकच आहेत. त्यांचं अन्न म्हणजे हाच पोर्क्युपाइन कळप, आणि त्यांची गावं सीमेपलीकडे कॅनडातही आहेत. कॅनडाने आपल्या बाजूचा किनारा १९८४मध्येच राष्ट्रीय उद्यान करून तेलासाठी बंद केला. हा कळप दोघांनी मिळून सांभाळायचा, असा करार अमेरिकेने कॅनडाशी १९८७मध्ये केला आहे. ‘स्थानिकांना हवं आहे’ म्हणणाऱ्यांच्या मजकुरात ना ग्विचिन दिसतात, ना हा करार.