मुडदे चालतील, मुका नको

व्हिडिओ गेममध्ये प्रेम आणि शृंगार असावा का, यावर कडक मत द्यायचं ठरवलंत ना? उत्तम. मग पहिलं पथ्य पाळा: गेम खेळू नका. खेळलेल्या माणसाच्या बोलण्यात तपशील येतात आणि तपशील आला की संताप पातळ होतो. जानेवारी २००८ मध्ये अमेरिकेत फॉक्स न्यूज वाहिनीवर ‘मास इफेक्ट’ या गेमची त्यातल्या शय्याप्रसंगावरून झाडाझडती झाली, तेव्हा टीकेला बसवलेल्या तज्ज्ञ बाईंनी हे पथ्य चोख पाळलं होतं. पुढे त्यांनी तो मिनिट-दोन मिनिटांचा प्रसंग पाहिला आणि त्यांचा सूरच बदलला. म्हणून म्हणतो, पाहूसुद्धा नका.

हिंसेचा विषय कुणी काढलाच, तर चष्मा पुसत बसा. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास’मध्ये गाड्या चोरायच्या, माणसं चिरडायची, पोलिसांवर गोळ्या झाडायच्या, हे सगळं सतरा वर्षांच्या मुलाला चालेल, असा अमेरिकेतल्या मानांकन मंडळाचा शिक्का होता. २००५ मध्ये डिस्कवर बंद करून ठेवलेला एक शय्याप्रसंग हौशी मंडळींनी उकरून काढला, तेव्हा शिक्का सतरावरून अठरावर गेला आणि मोठ्या दुकानांनी माल फळीवरून उतरवला. सतराव्या वर्षी मुडदा, अठराव्या वर्षी पलंग. संस्कारांचा हा क्रम पाठ करून ठेवा.

वाद हातचा जाऊ लागला तर ‘बॉल्डर्स गेट ३’मधलं अस्वल सोडा. २०२३ चा गेम, अस्वलाचं रूप घेतलेला प्रियकर. पुढे काही बोलावंच लागत नाही. ऐन वेळी कॅमेरा एका खारीकडे वळतो, म्हणजे आपल्या जुन्या सिनेमातल्या भिडणाऱ्या फुलांचंच काम ती करते, हे मात्र सांगत बसू नका.

एवढं करूनही मोह झाला आणि खेळायला बसलात, तर निदान योग्य गेम निवडा. ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ बघा. त्यातल्या मॉरिगन नावाच्या नायिकेला दागिने आवडतात. देत राहा, मर्जी वाढते. मधेच तिच्याशी मतभेद झाले? आणखी एक दागिना. ‘स्टारड्यू व्हॅली’ तर थेट घरंदाज: आठवड्याला दोनच भेटवस्तू, पसंतीचे आठ बदाम (पत्त्यांतले, खायचे नव्हेत) भरले की पुष्पगुच्छ, आणि घर वाढवून घेतल्याशिवाय लग्नाचं नाव नाही. स्थळं बघणाऱ्या कुठल्याही मावशीला हा गेम पहिल्याच दिवशी पटेल. इथे कुणाला काय वाटतं हा प्रश्नच येत नाही, आणि अश्लील म्हणावं असं काही दिसत नसल्याने तुमचीही हरकत नसावी.

‘द विचर ३’पासून लांब राहा. त्रिस आणि येनिफर, दोघींनाही प्रेमाचा शब्द दिलात, की दोघी मिळून नायकाला, गेराल्टला, पलंगाला जखडतात आणि खुशाल निघून जातात. बायका असा हिशेब ठेवू लागल्या तर खेळणाऱ्याने करायचं काय? बंदी मागायचीच, तर ती इथे मागा.

राहता राहिला ‘गॉड ऑफ वॉर’. २००५ च्या पहिल्या गेममध्ये नायक क्रेटोसने पलंगावर नेमकी बटणं दाबली की बक्षिसाचे लाल गोळे मिळत. आक्षेपाला किती सोयीचं! २०१८ च्या गेममध्ये तोच गडी बायकोची राख घेऊन मुलासोबत डोंगर चढतो. पलंग नाही, गोळे नाहीत, आणि अख्खा गेम त्या बाईभोवतीच फिरतो. आता बोट कुठे ठेवणार? अशा वेळी मान हलवावी आणि ‘पूर्वीचे गेम बरे होते’ म्हणून मोकळं व्हावं.