चार दिवस कुठं होता रे बापा?

काल रात्री साडेअकराला फोन. "साहेब, बैल खात नाई जी." कधीपासून? "झाले चार दिवस."

चार दिवस मी माझ्या जनावरांच्या दवाखान्यातच होतो. त्या चार दिवसांत झाडपाला झाला, गावातल्या बिनडिग्रीवाल्याची दोन इंजेक्शनं झाली, आणि रात्री जेवणं आटोपल्यावर माझी आठवण झाली. सकाळी येतो म्हटलं तर, "सरकार पगार देते ना तुम्हाले?"

त्याचीही बाजू आहे. वेचणीच्या दिवसांत माणूस अंधार पडेपर्यंत कापसात असतो. जनावराकडे नीट बघणं होतं ते संध्याकाळी दावणीला बांधताना. हे मला कळतं. पण मग माझा दिवस संपतो कधी?

आमच्या घरात उशाशी दोन फोन असतात. बायको प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर. तिथं पदं दोन, एक रिकामं. साप चावला, बाई अडली, तर ती चप्पल घालता घालता निघते, त्याबद्दल कधी कुरकूर नाही. तिला राग येतो तो रात्री दहाला "बीपीची गोळी संपली" म्हणणाऱ्याचा. तिच्या मदतीला निदान नर्स आहे, १०८ आहे. माझ्याकडे टॉर्च आणि मोटरसायकल. २०१८ साली राळेगाव-पांढरकवड्याकडे टी-वन वाघिणीची दहशत होती, तेव्हाही रात्रीचे कॉल यायचेच. तिकडून फोन करणारा प्रत्येक जण म्हणायचा, "या साहेब, आपल्या रस्त्यानं नाई ते."

२०१८ च्या अखेरीस लोकसभेत एक खासगी विधेयक आलं होतं, कामाची वेळ संपल्यावर साहेबाचा फोन न उचलण्याचा हक्क देणारं. वाचून हसू आलं. मला फोन साहेबाचा नसतो, गोठ्यातून असतो. तो बंद कसा ठेवू? पाच हजार गुरांमागे एक पशुवैद्यक हवा, असं राष्ट्रीय कृषी आयोगानं १९७६ सालीच सांगून ठेवलंय. माझ्या वाट्याला किती गावं येतात ते मोजणं मी सोडलंय. (१९६२ नंबर फिरवला की येणारी जनावरांच्या फिरत्या दवाखान्याची गाडी आली, चांगलं झालं. पण तिच्या योजनेतच हिशेब लाख जनावरांमागे एक गाडी असा आहे.)

तरी मागच्या वर्षी चिडून दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलं होतं: रात्री नऊनंतर फोन करू नये.

दोन महिन्यांनी एक म्हातारबा सकाळी सहाला दारात. गाय परवा व्यायली होती, रात्रीच बसली, मान पोटाकडे वळवून. अशा गाईला शिरेतून हळूहळू कॅल्शियम सोडलं तर बरेचदा तासाभरात उठते. मी पोचलो तेव्हा ती गार पडली होती. "रातीच फोन लावनार होतो जी, पन पोरगं मने भिंतीवर लिवलं हाय."

बैलवाल्यानं ती पाटी वाचलीच नसणार.

आता पाटी बदलली आहे. अडली, फुगली, व्यायल्यावर बसली, अंग बाहेर आलं, कोवळी ज्वारी खाल्ली: कधीही फोन करा. बाकी सकाळी. आणि शेजारच्या दोन दवाखान्यांतल्या डॉक्टरांशी बोलून रात्री वाटून घेतल्यात, तिघांत पाळीनं. वरून आदेश नाही, आमचं आमचंच. सोमवार-मंगळवार माझे. बुधवारी फोन आला तर ज्याची पाळी त्या डॉक्टरांचा नंबर देतो आणि शिव्या खातो.